एअर पिस्तुलाचा ट्रिगर घरी बदलताना आणि जुळवताना

नव्या नेमबाजाचे शॉट खाली-डावीकडे पडायला लागले की आधी साइट (नेम धरायची खूण) फिरवली जाते, मग ग्रिप (पिस्तुलाची लाकडी मूठ) तासली जाते आणि शेवटी रेंजवरचं कुणीतरी सांगतं, "ट्रिगर हलका करून टाक." उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट तिकडे जाण्यामागे बहुतेक वेळा बोटच असतं, हे खरं. पण वजन कमी करणं हा त्यावरचा इलाज नाही. १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची खालची मर्यादा नियमानेच घातलेली आहे आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभे राहणारे नेमबाजही तेवढंच वजन ओढतात. ट्रिगरकडून मागायचं ते एवढंच, की तो दर वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच दाबाला सुटावा. तसा तो सुटायला लागला की बोट आपोआप शांत होतं.

एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो, याचा हिशोब करून बघा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरलं, तर ट्रिगर दाबताना पुढच्या साइटचं टोक १ मिलिमीटर हललं की १० मीटरवर शॉट जवळपास २८.५ मिलिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिलिमीटर. म्हणजे दहाच्या मधोमध निघालेला छर्रा सातात जाऊन बसतो.

हा लेख १० मीटरच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर पिस्तुलापुरताच आहे. स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ या बनावटीची जी पिस्तुलं आपल्याकडच्या रेंजवर दिसतात, त्यांचे ट्रिगर वापरणाऱ्याने स्वतः जुळवावेत अशाच बेताने बनवलेले असतात. सगळे स्क्रू बाहेरून हाताशी येतात आणि सोबतच्या पुस्तिकेत आकृती असते. आपल्या आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर वेपनला परवाना लागत नाही, आणि मॅच पिस्तूल सहा-सात जूलच्या आसपासचं असतं. काडतुसाच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्रदुरुस्तीसाठीही परवाना सांगितला आहे. तेव्हा २५ मीटरचं .२२ पिस्तूल असेल तर ते परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं, घरी उघडायचं नाही.

टेबलावर बसण्याआधी

छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या. दुसऱ्या खोलीतच, त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. काम चालू असताना पिस्तूल वीस-पंचवीस वेळा कॉक होणार आहे, म्हणजे सुटायच्या तयारीत येणार आहे, आणि मन स्क्रूत गुंतलेलं असणार आहे. नेमबाज पंधरा-सोळा वर्षांचा असेल तर आई, वडील किंवा प्रशिक्षक शेजारी बसलेले हवेत.

मग दाबाच्या हवेचा सिलिंडर काढा. इथे बरेच जण थांबतात आणि पिस्तूल रिकामं झालं असं समजतात. रेग्युलेटरच्या, म्हणजे हवेचा दाब नेमका ठेवणाऱ्या भागाच्या, पुढे अजून हवा असते. नळी सुरक्षित दिशेला धरून, छर्रा नाही याची खात्री करून, कॉक करा आणि दाबा. हवेचा आवाज पूर्ण बंद होईपर्यंत हे करत राहा. त्यानंतर ब्रीच (नळीचं छर्रा भरायचं मागचं तोंड) उघडून नळीत बघा आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, घाला. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, त्यामुळे तो उन्हात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका आणि त्याचा कुठलाही स्क्रू फिरवू नका. बाहेर काढलाच आहे तर त्यावरची तारीखही वाचा. बहुतेक युरोपीय उत्पादकांनी सिलिंडरला १० वर्षांची मुदत दिलेली असते.

हत्यारं थोडीच लागतात. मिलिमीटरच्या मापाच्या, चांगल्या पोलादाच्या ॲलन की घ्या. इंची मापाची की मिलिमीटरच्या खोबणीत जेमतेम बसते आणि दोनदा फिरवली की खोबणी गोल करून टाकते. बारीक स्क्रूड्रायव्हर, काठ असलेली एक स्टीलची थाळी, तिच्यात अंथरायला पांढरं फडकं, पेन्सिल, वही. थाळीचा काठ आणि पांढरं फडकं यांना कारण आहे. ब्लेडचा, म्हणजे ट्रिगरच्या बोट टेकतं त्या भागाचा, स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, एकदा फरशीवर उडाला की संध्याकाळ त्याला शोधण्यात जाते, आणि तो आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच असं नाही.

एकही स्क्रू हलवण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग प्रत्येक स्क्रूची आजची जागा वहीत उतरवा: कोणता स्क्रू, खाच कुठल्या दिशेला, पूर्ण आवळायला किती फेरे लागतात. हे फेरे मोजून झाल्यावर स्क्रू पुन्हा होता तिथे आणून ठेवायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण जुळवणी बिघडली तर परत यायला हीच एक वाट असते. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवला की काय वाढतं, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून पुस्तिका उघडी ठेवा. "घड्याळाच्या दिशेने म्हणजे जड" असा सरसकट नियम नाही.

ब्लेड काढणं आणि नवं बसवणं

ट्रिगर बदलायचा म्हणजे मॅच पिस्तुलात बहुतेक वेळा बोट टेकतं तो भाग, म्हणजे ब्लेड, बदलायचं. आतली यंत्रणा तशीच राहते. ब्लेड झिजलेलं असेल, घामाने गंजलेलं असेल किंवा बोटाला त्याचा आकार मानवत नसेल, तर बदलायला हरकत नाही. बाकदार ब्लेडमध्ये बोट आपसूक मध्यावर येतं. ज्यांचं बोट दर शॉटला थोडं वर-खाली पडतं त्यांना ते बरं. सपाट ब्लेडवर दाबाची दिशा नीट कळते, पण बोट कुठेही टेकू शकतं. नव्या मुलांना मी बाकदार ब्लेडच सुचवतो.

ग्रिप काढल्यावर काम सोपं होतं. ग्रिपचा स्क्रू बहुधा तळातून आत जातो आणि त्याला लांब की लागते. ब्लेड एका छोट्या आडव्या दांडीवर बसलेलं असतं आणि एका स्क्रूने पकडलेलं असतं. काढण्याआधी दांडीवर ब्लेडच्या पुढच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ ओढा. स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल केला की ब्लेड सरकतं. पूर्ण काढायचा तर थाळीवर धरूनच काढा. दांडीवर साचलेला मळ कोरड्या फडक्याने पुसा. घाम आणि फडक्याचे धागे मिळून तिथे काळा थर झालेला असतो आणि त्याच्यावर बसवलेलं नवं ब्लेड वाकडंच बसतं.

नवं ब्लेड आधी जुन्या रेघेवर आणा आणि स्क्रू बोटाने जाईल तेवढा आत घाला. पहिले दोन फेरे बोटाने सहज गेले नाहीत तर आटे जुळलेले नाहीत. स्क्रू उलटा फिरवून काढा आणि पुन्हा लावा. कीने जोर लावलात तर ब्लेड वाचेल, पण दांडीचे आटे जातील. शेवटचं आवळणं कीचा आखूड पाय धरून, दोन बोटांच्या जोराने करायचं. आटे घट्ट करणारं लॉकिंगचं रसायन इथे वापरू नका. ते वाहत आत गेलं तर यंत्रणा जाम होते. त्यापेक्षा सगळी जुळवणी संपल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसते.

आता ग्रिप परत लावा, कारण बोटाची जागा ग्रिपशिवाय ठरत नाही. स्पर्धेत धरता तसं पिस्तूल धरा, डोळे मिटा, बोट ब्लेडवर ठेवा आणि डोळे उघडून बघा. पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग, नखाच्या मध्याच्या साधारण मागे, ब्लेडवर टेकलेला हवा. सांध्याची घडी टेकत असेल तर ब्लेड पुढे सरकवा. फक्त टोक पोचत असेल तर मागे घ्या. बोटाचा मागचा भाग ग्रिपच्या लाकडाला लागता कामा नये, मध्ये थोडी फट दिसली पाहिजे. ती फट नसेल तर प्रत्येक दाब पिस्तुलाला बाजूला ढकलतो. दुसऱ्या बाजूने कुणाला तरी बघायला सांगा: दाब थेट मागे, नळीच्या रेषेत जातो आहे का? ब्लेड डावी-उजवीकडे तिरकं करता येत असेल तर ते आत्ता, बोटाच्या नैसर्गिक कोनाप्रमाणे ठरवा.

या टप्प्याला घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. ज्याला आपण "ट्रिगर जड आहे" म्हणतो, त्या तक्रारी पुष्कळदा ब्लेड दोन-तीन मिलिमीटर सरकवल्यावर मिटतात. कारण साधं आहे: सांध्याने ओढताना बोट आखडतं आणि तेच ५०० ग्रॅम अंगावर येतात.

दोन टप्पे आणि वजनाची वाटणी

मॅच पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात ब्लेड काही मिलिमीटर मागे येतं आणि मग बोटाला भिंत लागते. ती भिंत ओलांडायला जो जास्तीचा दाब लागतो तो दुसरा टप्पा. दोन्ही मिळून ५०० ग्रॅमच्या वर व्हायला हवेत.

पहिल्या टप्प्याचा प्रवास आधी ठरवा. तो इतका हवा की भिंत लागल्याचं थंडीत बधिर झालेल्या बोटालाही कळेल. फारच आखूड ठेवला तर भिंत हरवते आणि शॉट लवकर सुटतो. मग वजन. बहुतेकांना पहिला टप्पा जड आणि दुसरा हलका मानवतो, म्हणजे ३८० ते ४०० ग्रॅम पहिल्यावर आणि १२० ते १४० दुसऱ्यावर. याचा फायदा असा की हात खाली येताना, साइट अजून काळ्या गोलाच्या वर असतानाच, तीन चतुर्थांश वजन बोटाने उचललेलं असतं. लक्ष्याशी पोचल्यावर फार थोडं उरतं. दोन्ही टप्पे सारखे ठेवणारेही चांगले नेमबाज आहेत, पण त्यांच्या दाबण्यात वर्षांचा सराव असतो.

मोजायला महागडं साधन लागत नाही. स्पर्धेत वापरतात ते वजन रेंजवर असतंच. घरी अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली पुरते. बाटलीच्या गळ्याला जाड तारेचा आकडा करा, टोकाला लहान वळण ठेवा आणि त्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चढवा, म्हणजे ब्लेड खरवडत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तार आणि झाकणासकट वजन करत पाणी भरा. आधी ४०० ग्रॅम. पिस्तूल कॉक करून ड्राय फायरच्या (छर्रा न मारता ट्रिगर दाबायच्या सरावाच्या) खटक्यावर ठेवा, नळी सरळ वर करा, आकडा ब्लेडच्या मधोमध अडकवा आणि बाटली टेबलावरून सावकाश उचला. ४०० ला ट्रिगर भिंतीपर्यंत यायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. आला नाही तर पहिल्या टप्प्याचा स्क्रू पाव फेरा सैल करून पुन्हा बघा. मग पाणी वाढवून ५१० करा. ५१० ला बाटली टेबलावरून वर उचलली गेली पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. ५४० ला सुटला पाहिजे. या तीन आकड्यांमध्ये पिस्तूल बसलं की वजनाचं काम झालं.

५०० च ठेवा, ५१० कशाला, असं विचारणारे भेटतात. स्पर्धेत वजन उचलायला जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात, आणि मालिका संपल्यावर होणाऱ्या अचानक तपासणीत ट्रिगर कमी भरला तर थेट अपात्र ठरवतात. ६० शॉट ७५ मिनिटांत मारून झाल्यावर, दहा ग्रॅम वाचवण्याच्या नादात ते सगळे गमावण्यात काही अर्थ नाही. आकडा ब्लेडच्या मध्यावरच अडकवायचा हेही लक्षात असू द्या. तो जितका खाली सरकेल तितका तरफेचा हात लांब होतो आणि त्याच ट्रिगरचं वजन कमी भरतं. नव्या ब्लेडचा आकार जुन्यापेक्षा वेगळा असेल तर याच कारणाने वजन बदलतं, म्हणून बाकी एकही स्क्रू हलवलेला नसला तरी ब्लेड बदलल्यावर वजन टाकून बघावंच लागतं.

सिअर

हॅमरला अडवून धरणारा पोलादी दात म्हणजे सिअर. त्याची पकड किती खोल असावी हे एक छोटा स्क्रू ठरवतो. पकड खोल असेल तर भिंत लागल्यावरही ट्रिगर घसटत, सरकत सुटतो. बोटाला खरखर जाणवते. पकड उथळ केली की सुटणं काचेसारखं स्वच्छ होतं, आणि त्याच्याही पुढे गेलं की पिस्तूल धक्क्यानेही सुटायला लागतं.

म्हणून हा स्क्रू सगळ्यांत शेवटी, एका वेळी अष्टमांश फेरा एवढाच. खरखर नसेल तर हातच लावू नका. लावला तर दर बदलानंतर या चाचण्या करा. छर्रा नाही, हवा नाही, पिस्तूल कॉक केलेलं. आधी तळहाताने चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि मागून ठणठणीत थापटा. मग पहिला टप्पा भिंतीपर्यंत दाबा, सोडा, पुन्हा दाबा, असं दहा वेळा. प्रत्येक वेळी भिंत त्याच जागी लागायला हवी. शेवटी भिंतीपर्यंत दाबून ठेवलेलं असताना मनगट हलकं झटका. यातल्या कशानेही पिस्तूल सुटलं तर स्क्रू वहीतल्या जुन्या जागेवर परत न्या. "एकदाच सुटलं, पुन्हा नाही" ही सबब चालत नाही. रेंजवर पिस्तूल खाली ठेवताना ते सुटलं तर त्याच्या पुढे माणूस असू शकतो.

सिअरला एमरी पेपरने घासून चमकवायचे सल्ले मिळतील. अजिबात ऐकू नका. त्या पृष्ठभागावर कठीण केलेला पातळ थर असतो. तो गेला की दात काही महिन्यांत गोल होतो. स्प्रिंग कापणंही तसंच. आणि गंज सोडवायचा स्प्रे यंत्रणेत मारला तर पहिल्या आठवड्यात छान वाटतं, मग धूळ त्याला चिकटते आणि ट्रिगर रोज वेगळा लागतो. पुस्तिकेत सांगितलं असेल तिथेच, सांगितलेल्याच तेलाचा, सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर सिअरऐवजी आत सूक्ष्म स्विच असतो. ब्लेड, प्रवास आणि वजन बाहेरून जुळवता येतं. सर्किटच्या पेटीला हात लावू नये. बॅटरीवर बदलल्याची तारीख लिहून चिकटवा आणि मोठ्या स्पर्धेआधी नवी घाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि दुरुस्तीत गेलेला वेळ तिला भरून मिळाला नाही. तीच मनू पुढे २०२४ मध्ये पॅरिसला याच १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक घेऊन आली. यंत्राचा बिघाड कुणालाही गाठू शकतो. आपल्या हाती असलेली तपासणी तेवढी आधी करून ठेवायची.

ट्रिगर स्टॉप

शॉट सुटल्यावर ब्लेड मागे किती जाईल ते हा स्क्रू ठरवतो. तो फार मागे असेल तर बोट सुटल्यासारखं आत जातं आणि छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हलतं. स्टॉप आत घेत जा, ट्रिगर सुटेनासा झाला की थांबा आणि तिथून पाव ते अर्धा फेरा मागे या. अगदी टोकावर ठेवू नका. थोडी धूळ किंवा थंडीत आकसलेला धातू एवढ्यानेही ट्रिगर मध्येच अडकतो.

भिंतीसमोर, मग रेंजवर

नव्या ट्रिगरवर लगेच स्कोअर मारायला जाऊ नका. घरी पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायर करा. लक्ष्य नको, फक्त पुढची साइट बघायची आणि ट्रिगर सुटताना तिचं टोक हलतं का एवढंच टिपायचं. टोक दर वेळी एकाच बाजूला ओढलं जात असेल तर ब्लेडचा कोन किंवा जागा चुकली आहे. कधी इकडे, कधी तिकडे जात असेल तर जुळवणी ठीक आहे आणि सराव कमी आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस महिनोन्महिने स्क्रू फिरवत बसतो.

रेंजवर गेल्यावर सिलिंडर लावून, पिस्तूल कॉक करून पुन्हा वजन टाका. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचं ट्रिगर वजन हवा कार्यरत असतानाच तपासतात, आणि ड्राय फायरच्या खटक्यावरच्या वजनापेक्षा ते थोडं वेगळं भरू शकतं. मग कोऱ्या कार्डावर दहा-दहाच्या काही मालिका मारा. साइटला हात लावू नका. बोटाची जागा बदलल्यावर ग्रुपचं, म्हणजे कार्डावरच्या छिद्रांच्या पुंजक्याचं, केंद्र सरकणं साहजिक आहे. ग्रुप लहान होतो आहे का ते बघा. आठवडाभर तीच जुळवणी ठेवा आणि बदल करायचाच तर एका वेळी एकच, तोही वहीत लिहून. स्पर्धेला आठ-दहा दिवस उरले असतील तर काहीच बदलू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून हवेतली ओल वाढली की ट्रिगरच्या बारीक स्क्रूंची डोकी तांबूस व्हायला लागतात आणि ग्रिपचं लाकूड किंचित फुगतं. फुगलेल्या ग्रिपमुळे हात मागे सरकतो आणि उन्हाळ्यात जुळवलेली बोटाची जागा चुकते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, सरावानंतर ब्लेड कोरड्या फडक्याने पुसा आणि पावसाळा सुरू झाल्यावर एकदा, संपल्यावर एकदा डोळे मिटून बोट ठेवायची ती चाचणी परत करा.

पेटीच्या झाकणात वहीतल्या जुळवणीच्या पानाची छायाप्रत, ब्लेडचा एक जादा स्क्रू, दोन नेमक्या मापाच्या ॲलन की आणि नेलपॉलिश एवढं असू द्या. स्पर्धेच्या गावी पोचल्यावर, सामानाच्या अधिकृत तपासणीआधी, रेंजवरच्या वजनावर ट्रिगर एकदा स्वतः उचलून बघा. प्रवासातल्या हादऱ्यांनी नेलपॉलिशची रेघ तुटलेली दिसली तर तो स्क्रू फोटोत आहे तिथे परत न्या आणि मगच तपासणीच्या टेबलाकडे जा.